गाय गव्हाण सोडून भिंत का चाटते?

निफाड : गव्हाणीत हिरवेगार वाढे पडलेले असतात, तरी गाय गोठ्याची भिंत चाटते, माती खाते, चिंध्या चघळते. "खोड लागलीय तिला," असं घरात कुणीतरी म्हणतं. बहुतेकदा ती खोड नसते. अंगात काहीतरी कमी पडल्याची ती खूण असते.

पोट भरणं वेगळं आणि अंगाची गरज भागणं वेगळं. 1990च्या दशकात ऑक्सफर्ड विद्यापीठात स्टीफन सिम्पसन आणि डेव्हिड राऊबेनहायमर यांनी टोळांवर प्रयोग केले. एक खाद्य प्रथिनांचे, दुसरे पिष्टमय, असे दोन्ही समोर ठेवले तर टोळ दोन्हींतून खाऊन हवे ते प्रमाण जुळवतात. रानात चरणारी शेळीही एकाच झुडपावर थांबत नाही.

दावणीच्या गाईला मात्र ही निवड नसते. मालक टाकेल तेच खायचं. ऊसतोडीच्या दिवसांत अनेक गोठ्यांत वाढ्यांवरच भागवलं जातं. वाढ्यांत प्रथिने कमी असतात. शिवाय त्यातले ऑक्झलेट कॅल्शियमला बांधून ठेवते, अंगी लागू देत नाही. इकडे लिटरभर दुधातून साधारण 1.2 ग्रॅम कॅल्शियम बाहेर जाते. म्हणजे 10 लिटर देणाऱ्या गाईचे रोज 12 ग्रॅम. चाऱ्यातून भरपाई झाली नाही तर ते हाडांतून निघते.

मग गाईला स्वतःला काय कळतं? मिठाची ओढ उपजत असते, म्हणून ती खारट शोधते. स्फुरद कमी पडले की हाडे चघळते. मात्र मेलेल्या जनावराच्या हाडांतून बोट्युलिझमची विषबाधा होऊन जीवही जाऊ शकतो. भरड्याचं पोतं उघडं सापडलं, तर तीच गाय नको तितकं खाऊन पोटात आम्लता वाढून दगावू शकते. म्हणजे सगळंच तिच्यावर सोडून चालत नाही.

उपाय साधे आहेत. वाढ्यांसोबत लसूणघास किंवा पेंड द्यावी. वाढ्यांवर चुन्याची निवळी शिंपडावी. दुभत्या गाईला रोज साधारण 50 ग्रॅम खनिज मिश्रण द्यावे, गोठ्यात चाटण वीट टांगावी. चारा एकदम बदलू नये, हळूहळू बदलावा. माती खाणे जंतांमुळेही असू शकते, तेव्हा पशुवैद्यकीय दवाखान्यात शेण तपासून घ्यावे. भिंत चाटणाऱ्या गाईला हाकलण्याआधी तिच्या गव्हाणीत एकदा डोकावलेलं बरं.