पुण्याचं शिवाजीनगर एके काळी भांबुर्डे नावाचं गाव होतं, मग हे गाव गेलं कुठे?

शिवाजीनगर म्हटलं की कोर्ट, एसटी, मेट्रो आणि जंगली महाराज रोडवरची गर्दी डोळ्यांसमोर येते. पण या भागातल्या एखाद्या जुन्या इमारतीचे कागद काढून बघा. पत्त्यात हमखास एक शब्द सापडतो, 'भांबुर्डा'. हे कुणा बिल्डरने दिलेलं नाव नाही. आजचं शिवाजीनगर ज्या गावावर उभं आहे, त्या गावाचं हे नाव आहे.

नदीपलीकडचं गाव

जुनं पुणे मुठेच्या उजव्या काठावर, कसब्याभोवती वाढलं. भांबुर्डे होतं समोरच्या डाव्या काठावर. म्हणजे पुणेकरांसाठी ते 'नदीपलीकडचं' गाव.

पण गावाच्या हद्दीतली सगळ्यात जुनी खूण पेशवाईच्याही हजारेक वर्षं आधीची आहे. जंगली महाराज रोडवरचं पाताळेश्वर हे साधारण आठव्या शतकातलं, एकाच खडकात कोरलेलं शैव लेणं आहे. तेव्हा इथे राष्ट्रकूटांची सत्ता होती. त्यांच्या इ.स. 758 च्या ताम्रपटात 'पुण्य विषय' असा या भागाचा उल्लेख येतो. लेण्यासमोरचा गोलाकार नंदीमंडप आजही बघता येतो. शेजारी जंगली महाराजांची समाधी आहे. त्यांनी 1890 मध्ये देह ठेवला आणि पुढे रस्त्याला त्यांचंच नाव मिळालं.

पेशवाईत 1761 मध्ये लकडी पूल झाला आणि पलीकडे जाणं सोपं झालं. तरीही भांबुर्डे शहराबाहेरचं गावच राहिलं.

मग शहर गावात कसं शिरलं?

ते एका दिवसात शिरलं नाही. इंग्रजांच्या काळात मोठ्या संस्थांना मोकळी जागा हवी होती. पेठांमध्ये ती नव्हती, नदीपलीकडे होती.

- 1865 : संगमाजवळ इंजिनिअरिंग कॉलेजच्या इमारतीची पायाभरणी झाली. हेच आजचं सीओईपी.
- 1895 : शनिवार पेठेतून सुरू झालेलं फर्ग्युसन कॉलेज टेकडीच्या पायथ्याशी आलं.
- 1907 : कृषी महाविद्यालय सुरू झालं.
- 1923 : नदीवर लॉईड पूल झाला. आपण त्याला शिवाजी पूल किंवा नवा पूल म्हणतो.
- 1928 : हवामान खात्याचं मुख्यालय शिमल्याहून पुण्यात आलं. म्हणून त्या चौकाचं नाव आजही 'शिमला ऑफिस चौक' आहे.

संस्थांच्या मागोमाग बंगले, सोसायट्या आणि दुकानं आली. नगररचना योजनांमध्ये शेताच्या बांधांच्या जागी प्लॉटच्या रेषा आल्या.

नाव कसं बदललं?

कोल्हापूरच्या राजर्षी शाहू महाराजांनी पुण्यात शिवाजी महाराजांचं भव्य स्मारक उभारण्यासाठी पुढाकार घेतला. 1921 मध्ये प्रिन्स ऑफ वेल्सच्या हस्ते भांबुर्ड्यात त्याची पायाभरणी झाली. पुढच्याच वर्षी शाहू महाराजांचं निधन झालं. शिल्पकार नानासाहेब करमरकरांनी घडवलेल्या अश्वारूढ पुतळ्याचं अनावरण 1928 मध्ये झालं. हा पुतळा आजही श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारात आहे.

पुढे भांबुर्ड्याचं शिवाजीनगर झालं आणि रेल्वे स्टेशनचं नावही बदललं.

गावाचं काय उरलं?

उरलं ते गावठाण. गावठाण म्हणजे गावातली घरं, देवळं आणि गल्ल्या जिथे असतात तो वस्तीचा भाग. शेती आणि गायरान त्याच्या बाहेर असतं. शहर वाढतं तेव्हा आधी बाहेरच्या जमिनी जातात आणि मधलं गावठाण चारी बाजूंनी वेढलं जातं. शिवाजीनगर गावठाणाचं हेच झालं. इथल्या अरुंद गल्ल्या आणि रोकडोबाचं मंदिर जुन्या गावाची आठवण टिकवून आहेत. वेताळ टेकडीवर वनखात्याचं 'भांबुर्डा वनविहार' आहे. सरकारी दप्तरात आणि टेकडीवर टिकलेलं हे नाव लोकांच्या तोंडून मात्र जवळजवळ गेलं.

आज हे का समजून घ्यायचं?

कारण ही गोष्ट संपलेली नाही. पुणे महापालिकेत 2017 मध्ये 11 आणि 2021 मध्ये आणखी 23 गावं आली. त्यातल्या फुरसुंगी आणि उरुळी देवाची या गावांना 2024 मध्ये बाहेर काढून त्यांची वेगळी नगरपरिषद करण्यात आली. बाकीच्या गावांत रस्ते, पाणी आणि टॅक्स यांवरून वाद सुरूच असतात.

भांबुर्ड्याला शहर होण्यासाठी जवळपास शंभर वर्षं मिळाली. आजच्या गावांच्या वाट्याला दहा-पंधराही येत नाहीत. एवढ्या घाईत रस्ते आणि पाइपलाइन कदाचित होतीलही. पण ओढे कुठून वाहत होते, गायरान कुठे होतं आणि गावाचं नाव काय होतं, याची नोंद ठेवणंही तितकंच गरजेचं आहे. ओढा विसरून त्यावर बांधकाम झालं की पावसाळ्यात काय होतं, हे पुणेकरांना वेगळं सांगायला नको.