बाजार वाशीला गेला, गिऱ्हाईक मुंबईतच राहिले

पहाटे चारच्या सुमारास दादर स्थानकाच्या पश्चिमेला, सेनापती बापट मार्गावर भाजीच्या टेम्पोंची गर्दी झालेली असते. कोबी, फ्लॉवर, मिरचीची पोती रस्त्यावरच उतरतात, उभ्याउभ्या सौदे होतात आणि दिवस वर येईपर्यंत माल उपनगरांतल्या मंडयांकडे रवाना होतो. नियोजनाच्या कागदपत्रांप्रमाणे पाहिले तर हा घाऊक व्यवहार येथे असायलाच नको. भाजीपाल्याचा घाऊक बाजार १९९६ सालीच मुंबईतून अधिकृतपणे वाशीला हलविण्यात आला आहे. असे असूनही दादर आणि भायखळा ही दोन्ही ठिकाणे जागीच आहेत. असे का झाले, हे समजून घेतल्याखेरीज बाजाराच्या स्थलांतराविषयीची कोणतीही चर्चा अर्धवटच राहील.

मुंबईचा घाऊक बाजार दक्षिण टोकाला वसला तो योगायोगाने नव्हे. धान्य आणि किराणा गोदीच्या व वाडीबंदरच्या मालधक्क्याच्या आधाराने मशीद बंदर, दाणाबंदर परिसरात स्थिरावला. फळे क्रॉफर्ड मार्केटमध्ये, म्हणजे आजच्या महात्मा जोतिबा फुले मंडईत, तर भाजी भायखळ्याला येत असे. माल जहाजाने आणि रेल्वेने येत होता तोवर ही रचना सोयीची होती. मालाची वाहतूक ट्रककडे वळली आणि ती जाचक ठरू लागली. नाशिकचा कांदा असो की जुन्नरची भाजी, प्रत्येक ट्रकला अख्खे शहर ओलांडून अरुंद गल्ल्यांत शिरावे लागे. खाली झालेला ट्रक त्याच वाटेने परत.

साठच्या दशकाच्या मध्यावर चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडे जुळे शहर वसविण्याची कल्पना मांडली. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि नव्या शहरासाठी ९५ गावांच्या जमिनी घेण्याचे ठरले. मात्र शहर नुसत्या घरांनी उभे राहत नाही, त्याला रोजगार लागतो. सरकारी कार्यालये मुंबई सोडायला फारशी उत्सुक नव्हती. राहता राहिले घाऊक व्यापारी. त्यांना हलविण्याचे साधन सरकारच्या हाती होते.

हे साधन म्हणजे १९६३ चा कृषी उत्पन्न पणनविषयक कायदा. शेतमालाचा घाऊक व्यवहार बाजार समितीच्या परवान्याने आणि समितीने नेमून दिलेल्या आवारातच व्हावा, असे बंधन या कायद्याने घालता येते. मुंबई बाजार समिती १९७७ मध्ये अस्तित्वात आली. त्यानंतर ‘परवाना हवा असेल तर गाळा वाशीत घ्या’ असे सांगणे शक्य झाले. कापड आणि सोनेचांदी या कायद्याच्या कक्षेबाहेर आहेत. मंगलदास मार्केट, मुळजी जेठा मार्केट आणि झवेरी बाजार आजही काळबादेवीच्या गजबजाटातच का आहेत, याचे एक उत्तर येथे सापडते.

तरीही स्थलांतर सुरळीत झाले असे म्हणता येणार नाही. कांदा-बटाट्याचा बाजार १९८१ मध्ये हलला, मसाला आणि धान्य नव्वदच्या दशकाच्या आरंभी, तर फळे आणि भाजीपाला १९९६ मध्ये. पाच बाजारांना दीड दशक लागले. व्यापाऱ्यांचा विरोध निव्वळ हटवादी होता, असे समजणे अन्यायाचे ठरेल. वाशीचा खाडीपूल १९७३ पासून होता, परंतु उपनगरी रेल्वे वाशीला पोहोचली ती मे १९९२ मध्ये. त्याआधी तेथे पेढी हलवायची म्हणजे मेहता, गुमास्ता, हमाल आणि गिऱ्हाईक या सर्वांनाच एका पुलाच्या भरवशावर सोडायचे. शिवाय घाऊक धंदा उधारीवर चालतो. कोणाला किती दिवसांची उधारी द्यायची, हे अडत्या रोजच्या भेटीगाठींवरून ठरवितो. समोरासमोरची ही ओळख नव्या गाळ्यात आपोआप येत नाही.

या साऱ्यात माथाडी कामगारांचा विचार वेगळा करावा लागतो. अण्णासाहेब पाटील यांच्या चळवळीतून १९६९ चा माथाडी कायदा झाला. पाठीवर पोते वाहणाऱ्या कामगाराची नोंदणी, मजुरी, भविष्य निर्वाह निधी हे सारे मंडळामार्फत मिळू लागले. बाजार हलला तेव्हा ही व्यवस्था त्याच्याबरोबर हलली आणि कोपरखैरणे, घणसोली परिसरात माथाडींची घरेही उभी राहिली. बाजाराबरोबर माणसेही गेली ती येथेच. या स्थलांतराचे सर्वाधिक टिकलेले यश कोणते, असे विचारल्यास बोट याच वसाहतींकडे दाखवावे लागेल. या शहरासाठी जमिनी गमावलेल्या आगरी-कोळी कुटुंबांचा हिशेब मात्र इतक्या सरळपणे मिटला नाही. जानेवारी १९८४ मध्ये जासई आणि न्हावा-शेवा परिसरातील आंदोलनावर गोळीबार होऊन पाच जणांचे प्राण गेले, तेव्हा साडेबारा टक्के विकसित भूखंडाच्या योजनेची वाट मोकळी झाली.

अडत्या गेला, हमाल गेला; राहिला तो किरकोळ विक्रेता. त्याला कोणताही कायदा लागू नव्हता आणि त्याच्यासाठी कोणतीही सोयही केली गेली नव्हती. गिरगावातला वा वांद्र्यातला भाजीवाला पहिल्या लोकलने भायखळ्याला जाऊन पाटी भरून आणत असे. वाशीहून माल आणायचा तर टेम्पोचे भाडे आणि मोडलेली झोप असा खर्च. दोन-चार पोती घेणाऱ्याला तो परवडत नाही. ही गरज भागवायला मधला व्यापारी उभा राहिला. तो वाशीत माल उचलतो आणि दादर किंवा भायखळ्याला आणून सुटा करतो. शेतकऱ्याच्या पट्टीवर वाशीचा भाव लागतो, गृहिणी दादरनंतरचा भाव मोजते. पुणे-नाशिककडून आलेले पोते वाशीत उतरते, पुन्हा चढते, दादरला उतरते आणि पुन्हा चढते. प्रत्येक चढउताराला मजुरी आहे आणि नासाडीही. नियोजनकारांनी दक्षिण मुंबईतले ट्रक कमी केले, हे खरे. त्यासाठी साखळीत एक कडी वाढली, त्याची मोजदाद कोणी केली नाही.

जुलै २०१६ मध्ये राज्य सरकारने फळे व भाजीपाला बाजार आवाराबाहेर नियमनमुक्त केला आणि अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेण्याचे ठरविले. व्यापाऱ्यांनी बंद पुकारला तो यावरून. शेतकऱ्याला आपला माल कोठेही विकण्याची मोकळीक मिळाली, हे स्वागतार्हच होते. पण ज्या बंधनाच्या बळावर भाजीबाजार वाशीला नेला होता, तेच सैल झाले, याकडे फारसे लक्ष गेले नाही. आवारात माल आणला तर समितीची बाजार फी, बाहेर उतरविला तर नाही. मग टेम्पो थेट शहरात का जाणार नाही?

सक्तीविना बाजार हलू शकतो का, याचे उदाहरण मुंबईतच आहे. हिरे व्यापाऱ्यांनी वांद्रे-कुर्ला संकुलात स्वतःच भारत डायमंड बोर्स उभारला, तो २०१० मध्ये सुरू झाला. तरी ऑपेरा हाऊसच्या पेढ्या लगेच हलल्या नाहीत. १३ जुलै २०११ च्या बॉम्बस्फोटानंतर मात्र त्यांनी निर्णय घेतला. सुरतचा प्रचंड हिरे बाजार डिसेंबर २०२३ मध्ये थाटात खुला झाला, पण मुंबईचे व्यापारी तिकडे जायला बिचकतात. हिरा तर खिशात मावतो. नाशवंत भाजीचा बाजार त्याहून कितीतरी अवघड.

हा विषय आता पुन्हा ऐरणीवर येणार आहे. वाशीच्या कांदा-बटाटा बाजाराच्या इमारती अनेक वर्षे अतिधोकादायक यादीत आहेत आणि डोक्यावरचा स्लॅब केव्हा कोसळेल या धास्तीत तेथे हमाल व व्यापारी काम करीत आले आहेत. पुनर्बांधणी करायची तर गाळे तात्पुरते कोठे न्यायचे, वाढीव जागेवर हक्क कोणाचा, खर्च कोणी सोसायचा, या प्रश्नांवर घोडे अडत आले. एकेकाळी शहराबाहेर असलेल्या या बाजाराभोवती आता शहर दाटले असून तो आणखी दूर न्यावा, अशीही चर्चा मधूनमधून होते. तसा प्रस्ताव पुढे आलाच, तर गाळ्यांच्या आराखड्याबरोबर दादरच्या टेम्पोवाल्याचा आणि पाटीवाल्या भाजीवालीचा हिशेबही त्यात मांडलेला आहे का, हे आधी पाहावे लागेल.