विंचवाचं बिऱ्हाड निघालं घाटात!

कॅरॅव्हॅन म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? आल्प्समधला वळणदार रस्ता, कारच्या मागे जोडलेलं पांढरंशुभ्र घरकुल आणि बाहेर फोल्डिंग खुर्च्या टाकून कॉफी पिणारं कपल. आता हेच चित्र जरा कल्याण-मुरबाड रस्त्यावर आणून बघा. टोकावडे मागे पडलं की समोर सह्याद्रीची भिंत उभी राहते आणि माळशेज घाट सुरू होतो. कॉफी विसरा बॉस, इथे प्रश्न ब्रेकचा असतो!

तसा कल्याणकरांना तांडा नवा नाही. माळशेजच्या शेजारीच नाणेघाट आहे. दोन हजार वर्षांपूर्वी, सातवाहनांच्या काळात, कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतला माल जनावरांच्या पाठीवरून याच वाटेने जुन्नरकडे चढायचा. पण पाठीवरून, चाकांवरून नव्हे. बोरघाटातून गाडीरस्ता खुला व्हायला १८३० साल उजाडावं लागलं. सह्याद्री चाकांना सहजासहजी वर घेत नाही.

गेल्या हिवाळ्यात आम्ही चौघांनी भाड्याची कॅम्पर व्हॅन घेतली. ठाण्याहून कल्याण, माळशेज, आळेफाटा, नाशिक आणि कसाऱ्यावरून परत. आत बंक बेड, शेगडी, बेसिन, चिमुकलं टॉयलेट. डोंबिवलीच्या वन रूम किचनमध्ये वाढलेल्या माणसाला तर हे चक्क प्रशस्त वाटतं! गाडीबरोबर ड्रायव्हरकाका आले होते. आधी वीसेक वर्षं ट्रकवर काढलेली. ‘तेवढीच प्रायव्हसी गेली,’ असं निघताना कुणीतरी कुरकुरलं. पहिल्या अवघड वळणानंतर ती कुरकुर बंद झाली.

‘ताई, ज्या गिअरवर चढायचं त्याच गिअरवर उतरायचं,’ काका म्हणाले. ‘ब्रेकवर पाय ठेवून घाट उतरला तो संपला.’ कारण साधं आहे. सतत दाबलेला ब्रेक तापतो, तापला की त्याची पकड जाते. ब्रेक ऑइल उकळलं तर पेडल सरळ खाली! खालच्या गिअरमध्ये वेग इंजिनच धरून ठेवतं, ब्रेक वेळेला शिल्लक राहतो. डिझेल वाचवायला न्यूट्रल टाकणाऱ्यांबद्दल काका जे बोलले ते छापण्यासारखं नाही.

मग मी माझा लाडका प्रश्न विचारला. पिक्चरमधल्यासारखी मागून ओढायची कॅरॅव्हॅन असती तर? काकांनी उत्तर दिलं नाही. ते मिळालं घाट चढून वर गेल्यावर, ओतूरच्या पुढे. उसाने लादलेल्या दोन ट्रॉल्या ओढत एक ट्रॅक्टर वळत होता. ‘मागची बघा,’ काका म्हणाले. ट्रॅक्टर वळणाच्या बाहेरून गेला, मागची ट्रॉली मात्र आतली कड कापत सरकली. घाटात त्या आतल्या कडेला दगडी भिंत असते, नाहीतर समोरून आलेली एसटी. उतारावर मागचं वजन पुढच्या गाडीला ढकलतं, तिला स्वतःचे ब्रेक नसतील तर शेपूट हलायला लागतं. रिव्हर्समध्ये स्टिअरिंग उलटं चालतं ते वेगळंच. शिवाय ट्रेलरची स्वतंत्र नोंदणी लागते आणि ओढणाऱ्या गाडीचा नंबरही त्याच्यावर दिसावा लागतो. आणि हे सगळं जमलं तरी ठेवणार कुठे? आपल्या सोसायटीत एका अॅक्टिव्हाच्या जागेवरून मीटिंग भरते!

महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, त्याच वर्षी केरळनेही. कागदावर छान आहे. पण रात्री गाडी लावायला सपाट, सुरक्षित जागा, पाणी, विजेचा पॉइंट आणि टॉयलेटची टाकी रिकामी करायची सोय, हे ठरवल्याशिवाय निघू नका. घाटातल्या व्ह्यू पॉइंटवर मुक्काम तर नकोच. पावसाळ्यात माळशेजमध्ये दरडी कोसळतात, धुक्यात थांबलेली गाडी मागच्याला दिसत नाही.

माझं मत विचाराल तर घ्या, पण ओढायची नको. एकसंध व्हॅन घ्या आणि पहिल्या ट्रिपला ड्रायव्हरसकट. ड्रायव्हरचा खर्च वाचवायचा मोह होईल, मला कसारा उतरताना त्याची किंमत कळली. घाटाच्या तोंडाशी काकांनी गाडी बाजूला घेतली, दहा मिनिटं थांबले, चाकांजवळ हात नेऊन उष्णता पाहिली आणि मग सेकंड गिअर टाकला. खाली कसाऱ्यापर्यंत तो बदलला नाही. मागून हॉर्न वाजत होते, शेजारून ट्रक निघून जात होते. एका वळणावर जळक्या ब्रेकचा वास आला. आम्ही चौघांनी एकदम काकांकडे पाहिलं. ‘आपला नाही,’ ते म्हणाले आणि पुढच्या ट्रककडे बोट दाखवलं.