भाषेसाठी घरातली जागा

पालघर जिल्ह्यात कासा सोडून आत वळलेला रस्ता सायवन, उधवा करत तलासरीकडे जातो. या पट्ट्यात भाषा फार लवकर बदलते. पाड्यावरच्या घरात वारली बोलली जाते, शाळेत प्रमाण मराठी, आठवड्याच्या बाजारात दोन्हींची सरमिसळ. तलासरीपलीकडे उंबरगाव-वापीच्या कारखान्यांत रोजाने जाणाऱ्याला गुजराती आणि हिंदी लागते. मोबाइल उघडला की समोर इंग्रजी. डहाणू-तलासरीतल्या मुलाची दहावीपर्यंत चार-पाच भाषांशी गाठ पडते, पण न शिकवता येते ती त्यांतली एकच. बाकीच्या मुद्दाम शिकाव्या लागतात, आणि त्यासाठी घरात कुठेतरी बूड टेकायला जागा हवी.

अभ्यासाची जागा म्हटले की टेबल, खुर्ची, पुस्तकांचे कपाट आणि बंद करता येणारे दार डोळ्यांपुढे येते. सायवनच्या घरांत असे काही नसते. जुने घर कारवीच्या कुडाचे, वर शेणमातीचा लेप, आत चूल, भाताची कणगी, पावसाळ्यात एका अंगाला गुरेही. नवे घर घरकुलाचे, विटा-सिमेंटचे, पण खोल्या मोजक्याच. अशा घरात अभ्यासाला जागाच नाही, असे शिक्षकही म्हणतात आणि पालकही. भाषेच्या अभ्यासापुरते ते खरे नाही. गणिताला शांतता लागत असेल, भाषेला बोलते घर लागते.

याला शास्त्राचा आधार आहे. कॅनडातले मानसशास्त्रज्ञ कॉलिन मॅक्लाउड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये प्रयोगांतून दाखवले की, मनातल्या मनात वाचलेल्या शब्दांपेक्षा मोठ्याने वाचलेले शब्द अधिक लक्षात राहतात. तोंड हलते, कान ऐकतात आणि तो शब्द बाकीच्या शब्दांतून वेगळा उठून राहतो. म्हणून भाषेची जागा निवडताना पहिला प्रश्न असा विचारावा: इथे मूल मोठ्याने, चुकत, न लाजता बोलू शकेल का? ज्या कोपऱ्यात कोणीतरी सारखे उच्चाराला हसते, तिथे उत्तम टेबल ठेवूनही इंग्रजी यायची नाही.

शिकण्याची जागा मुलाच्या घराशीच शोधावी, हा विचार डहाणूला नवा नाही, किंबहुना तो इथेच रुजला. गिजुभाई बधेका यांच्यासह १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन करणाऱ्या ताराबाई मोडक १९४५ मध्ये बोर्डीला आल्या आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. बालवाडी काढली, पण पाड्यांवरची मुले तिथे येईनात. कोणाच्या कडेवर धाकटे भावंड, कोणाच्या मागे गुरे. मग दोघींनी बालवाडीच उचलून मुलांच्या अंगणात नेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी पुढे कुरणशाळा निघाली. १९५७ पासून हे काम कोसबाडच्या टेकडीवर चालले. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी देशभर पोचली; तिचे मूळ डहाणू तालुक्यातल्या या अंगणांत आहे.

ताराबाई आणि अनुताईंनी माँटेसोरी पद्धतीची महागडी साधने पाड्यावर आणली नाहीत. शंख, शिंपले, बिया, खडे, पाने, काड्या हेच साहित्य झाले. मोजायला चिंचोके, अक्षरे मांडायला खडे. घरी भाषेचा कोपरा मांडणाऱ्याला याहून चांगला धडा मिळणार नाही. चिंचोक्यांनी जमिनीवर ‘क’ मांडला, तर ते अक्षर बोटांनाही कळते. अक्षर नुसते डोळ्यांनी पाहणाऱ्या मुलाला हा लाभ मिळत नाही.

आता प्रत्यक्ष जागेचे. कुडाच्या घरात आत अंधार असतो. खिडक्या लहान किंवा नसतातच. म्हणून दिवसा अभ्यासाची जागा पडवी. उजव्या हाताने लिहिणाऱ्याने उजेड डावीकडून येईल असे बसावे, म्हणजे हाताची सावली अक्षरावर पडत नाही. डावखुऱ्याने उलट. रात्री घराच्या मध्यावर उंच टांगलेल्या एका दिव्यापेक्षा वहीच्या जवळ आणलेला छोटा दिवा बरा. वीज जाते, म्हणून चार्ज होणारा एक दिवा या कोपऱ्याच्या मालकीचा ठेवावा. तो गोठ्यात नेला की अभ्यास संपलाच. पत्र्याच्या घरात मात्र जुलैच्या पावसात काही ऐकू येत नाही. ती वेळ लिहिण्याला द्यावी आणि बोलण्याचा अभ्यास पाऊस उघडल्यावर करावा.

शेल्फाबाबत या भागात एक वेगळी काळजी घ्यावी लागते. नोव्हेंबर २०१८ पासून धुंदलवाडी आणि आसपासच्या गावांना भूकंपाचे धक्के बसू लागले. १ फेब्रुवारी २०१९ रोजी तर दिवसभरात अनेक धक्के झाले आणि कितीतरी कुटुंबांनी रात्री घराबाहेर काढल्या. डहाणू-तलासरीत मूल बसते तिथे डोक्यावर जड फळी, पेटी किंवा पुस्तकांची चळत कधीच नको. पुस्तके खाली, लाकडी खोक्यात किंवा पत्र्याच्या पेटीत ठेवावीत. जमिनीच्या ओलीपासून वाचवायला पेटीखाली दोन विटा पुरतात.

आणि भिंत! वारली घराची भिंत शतकानुशतके लिहिती-बोलती आहे. गेरूच्या लाल पोतावर तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक रेखला जातो, त्यात पालघट देवी असते आणि लग्न लावणारी धवलेरी गाते. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी सत्तरच्या दशकात हीच रेघ कागदावर नेली आणि जगाने ती पाहिली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. चौकाची भिंत देवाची, तिला हात लावू नये. पडवीची भिंत मात्र भाषेला देता येते. सोलापूरच्या नीलमनगरात कोविडच्या काळात एका मराठी शाळेच्या शिक्षकांनी वस्तीतल्या घरांच्या बाहेरच्या भिंतींवर धडे रंगवून घेतले आणि मुले गल्लीत फिरत अभ्यास करू लागली. सायवनला तर रंगाचीही गरज नाही. खडूने किंवा तांदळाच्या पिठाने रोज थोडेसे लिहावे: वर वारली शब्द, खाली मराठी, त्याखाली इंग्रजी. शेणाचा हात फिरवला की पाटी कोरी.

वारली वरच का? नव्या भाषेतला शब्द आधीच्या शब्दाचा हात धरून येतो. टोरांटोतले भाषाशिक्षणतज्ज्ञ जिम कमिन्स १९७९ पासून हेच मांडत आले आहेत, की पहिल्या भाषेत घट्ट झालेली समज दुसऱ्या भाषेत कामी येते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्येही किमान पाचवीपर्यंत शक्य तिथे घरची भाषा वापरावी असे म्हटले आहे. पण धोरण शाळेपर्यंत पोचते, घरातली आजी तर चुलीशेजारीच बसलेली असते. झाडांची, माशांची, पावसाच्या तऱ्हांची नावे तिला ठाऊक असतात. तिने सांगावे, मुलाने देवनागरीत लिहावे, शाळेत मराठी शब्द विचारून आणावा. असे झाले तर आजी या अभ्यासाची मुख्य शिक्षिका ठरते, तिला लिहिता येत नसले तरी. वारली ही मागास बोली म्हणून घरातच दाबायची आणि मग मराठी पक्की होईल असे मानायचे, हे चूक तर आहेच, मुलावर अन्यायही आहे.

शब्द लक्षात ठेवायला एक बुटाचा खोका पुरतो. जर्मन लेखक सेबास्टियन लाइटनर यांनी १९७२ मध्ये ही रीत लोकप्रिय केली. खोक्याचे पाच कप्पे करायचे. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूंवर शब्द लिहून चिठ्ठ्या करायच्या. शब्द आला की चिठ्ठी पुढच्या कप्प्यात, चुकला की परत पहिल्या कप्प्यात. पहिला कप्पा रोज बघायचा, शेवटचा महिन्या-दोन महिन्यांनी. जे येते त्यावर वेळ जात नाही आणि जे निसटते ते पुन्हापुन्हा समोर येते.

हा खोका एकाच जागी रोवून ठेवू नये. स्टीव्हन स्मिथ, ग्लेनबर्ग आणि बिजोर्क या अमेरिकी संशोधकांच्या १९७८ च्या प्रयोगात ज्यांनी तीच शब्दयादी दोन वेगवेगळ्या खोल्यांत पाठ केली, त्यांना एकाच खोलीत पाठ करणाऱ्यांपेक्षा जवळपास दीडपट शब्द आठवले. तेव्हा स्वतंत्र खोली नाही याचे दुःख नको. सकाळी पडवी, दुपारी आंब्याखाली, रात्री चुलीजवळ.

फोनबद्दल स्पष्ट बोलायला हवे. बहुतेक घरांत तो एकच असतो आणि वडिलांबरोबर कामाला जातो. २०२० मध्ये याच पालघर जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर दिगंत स्वराज फाउंडेशनने लाउडस्पीकरवरून धडे ऐकवले, ते याच अडचणीमुळे. घरी फोन संध्याकाळी अर्धा तास मिळाला तरी तो ऐकण्यासाठी राखावा: बातम्या, गोष्ट, इंग्रजीतले साधे संभाषण. उतरवून ठेवलेली फाइल नेटवर्क नसतानाही वाजते.

दिवाळीनंतर डहाणू-तलासरीतली अनेक कुटुंबे वसई-भिवंडीच्या वीटभट्ट्यांवर जातात आणि घराला कुलूप लागते. नव्वदच्या दशकात विधायक संसदेने भट्टीवरच्या मजुरांच्या मुलांसाठी भोंगाशाळा चालवल्या, मजुरांची झोपडी म्हणजे भोंगा, त्यावरून हे नाव. स्थलांतर करणाऱ्या घराने कोपरा सुरुवातीपासूनच उचलता येईल असा मांडावा. एक पत्र्याची पेटी, तिच्यात शब्दांचा खोका, आजीच्या शब्दांची वही, दोन गोष्टींची पुस्तके, खडू आणि दिवा. पेटीचे सपाट झाकण हेच लिहायचे टेबल. भट्टीवर शेजारच्या भोंग्यात जव्हारचे, मोखाड्याचे, कधी आणखी लांबचे मूल असते आणि त्याच्या घरची बोली वेगळी असते. तेव्हा वहीत एक स्तंभ वाढवायचा.