पोलादपूरच्या वाडीत नवी बाराबोर

सकाळी साडेसहा. काकांनी ओटीवर गोणपाट अंथरून बंदूक उघडून ठेवलीय. बाराबोर, एकनळी, जम्मूच्या कारखान्यातली. गंजू नये म्हणून कारखान्यात नळीला ग्रीस थापतात, ते आधी निघायला हवं. नळी तुंबलेली असताना बार काढला तर ती फाटायचीसुद्धा. काठीला फडकं, रॉकेल, पुन्हा कोरडं फडकं. मग नळी उजेडाकडे धरून एक डोळा मिटायचा. काकांची उमेदीची वर्षं सैन्यात आर्मरर, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणारे, म्हणून गेली, त्यामुळे घाई नावाला नाही. चहा निवून गेलाय.

साडेसात. आता दस्ता. बोट चापावर ठेवलं की दस्त्याचं टोक कोपराच्या वळणात बसतं का, ते बघतात. बाराबोरला मागची साईट नसते. पुढे पितळेची माशी, आणि मागची साईट म्हणजे आपलाच डोळा. गाल लाकडावर सूतभर वर राहिला की छर्रे वर जातात. रायफलीसारखा स्क्रू फिरवून इथे भागत नाही.

"मग रायफलच का नाही घेतलीत, काका?"

"अरे, मारणार कुठं? समोरच्या उतारावर घरं दिसतात ना तुला?"

खरंच आहे. इच्छापूरच्या .३१५ रायफलीची गोळी किलोमीटरभर सहज जाते, आणि सावित्रीच्या या खोऱ्यात एका डोंगरावरचा नेम चुकला की समोरच्या डोंगरावरची वाडी लागते. शिकार तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याने बंदच आहे. काकांचा परवाना शेतीसंरक्षणाचा, अलिबागहून आलेला.

साडेनऊ. पोलीस ठाणं. बंदुकीचा नंबर परवान्याशी ताडून नोंद झाली, आज शेतात चाचणीचे बार निघतील हेही सांगून झालं. निवडणूक लागली की बंदुका ठाण्यात जमा करायला सांगतात. २०२४ ची विधानसभेची आचारसंहिता १५ ऑक्टोबरला लागली आणि मतदान २० नोव्हेंबरला झालं, म्हणजे ऐन भात कापणीत. ज्यांच्या बंदुका जमा झाल्या त्यांची खाचरं रानडुकरांनी लोळवली असतील तर डुकरांचा दोष नाही. त्यांना आचारसंहिता कोण वाचून दाखवणार!

बारा. खाचराच्या टोकाला उंच मातीची दरड आहे, बार तिच्यात जिरतो. खडकावर मारायचं नाही, छर्रा उसळून कुठेही जातो. बंदूक जोखायची जगभरची रीत अशी: चाळीस यार्डांवर, म्हणजे सदतीसेक मीटरवर, मोठा कागद लावायचा, बार काढायचा, दाट पडलेल्या भागाभोवती तीस इंचांचं वर्तुळ काढायचं आणि आत किती छर्रे आले ते मोजायचे. पूर्ण चोकच्या, म्हणजे तोंडाशी आवळलेल्या, नळीने सत्तर टक्के आत आणावेत, बिनचोकच्या नळीने चाळीसेक. पण हा हिशेब बारीक छर्र्यांचा. डुकरासाठी भरतात ते एलजी काडतूस, त्यात मूठभर जाड गोळ्या. म्हणून काकांनी कागदावर कोळशाने डुक्कर काढलं, हुबेहूब, सुळ्यांसकट. खडकीचं शक्तिमान काडतूस भरलं.

चाळीस यार्डांवर बहुतेक गोळ्या डुकराला सोडून गेल्या. पुढे सरकलो, तसतसा झुपका आवळत आला. पण सगळा फऱ्याच्या वर.

तीन. गाल वर बसतोय. पॉलिश पेपरने दस्त्याची वरची कड घासायची, गाल टेकवून बघायचा, पुन्हा घासायचं. जास्त गेलं तर लाकूड परत चिकटवता येत नाही. तासाभराने पंचवीस पावलांवरून झुपका फऱ्यावर आला. उघड्या पडलेल्या लाकडाला अळशीचं तेल चोळलं. इथल्या पावसात तेवढं हवंच.

साडेपाच. राखणीच्या माळ्यापासून पंचवीस पावलं मोजून काकांनी तिन्ही बाजूंना चुन्याने रंगवलेले दगड रोवले. दिवसभराच्या मेहनतीचा निकाल म्हणजे हे दगड. त्यांच्यापलीकडे बार नाही. तिथे गोळी डुकराला नुसती जखमी करते. चुकली तर अर्ध्या किलोमीटरच्याही पुढे जाते. २०२५ च्या सुरुवातीला पालघरमध्ये मनोरकडे शिकारीला गेलेल्यांनी डुक्कर समजून आपल्याच साथीदाराला मारलं, ती बातमी काका दोनदा सांगतात. डुक्कर दगडांच्या अलीकडे आलं तरी आधी टॉर्च, आणि वनखात्याचा परवानगीचा कागद हातात असेल तरच घोडा. त्याचा अर्ज उद्या द्यायचाय.

रात्री दहा. हळव्या भातात खसखस झाली. टॉर्चच्या झोतात दगडाच्या बऱ्याच पलीकडे दोन डोळे. काकांनी बंदूक बाजूला ठेवली आणि पत्र्याचा डबा असा बडवला की खालच्या वाडीतली कुत्री तासभर थांबली नाहीत.