वसाहतीचे सांडपाणी आणि झाशीची माती

झाशीच्या जुन्या शहरातून रेल्वेमार्ग ओलांडून पश्चिमेस गेले की सीपरी बाजार लागतो. शहरालगतच्या अशा पट्ट्यात शेतजमिनीचे भूखंड पाडले जातात तेव्हा रस्ते, वीज व नळाचे पाणी यांचा विचार आधी होतो. मलवाहिनी नसेल तेथे प्रत्येक घरामागे सेप्टिक टाकी येणार, हे गृहीतच धरलेले असते. त्या टाकीतून बाहेर पडणारे पाणी कोणत्या मातीत जिरणार, हा प्रश्न मात्र घरे उभी राहिल्यावर पुढे येतो; आणि त्याची झळ बहुधा शेजारच्या शेतातील विहिरीला लागते.

सेप्टिक टाकी पाणी शुद्ध करीत नाही. घन मैला तळाशी बसून अंशतः कुजतो, इतकेच. बाहेर पडणाऱ्या पाण्यात रोगजंतू असतात, अमोनियाच्या रूपातील नत्रही असते. उरलेले काम मातीने करायचे असते.

बुंदेलखंडातील शेतकरी जमिनीचे चार प्रकार मानतात : राकड, पडुआ, काबर आणि मार. उंचवट्यावरील राकड तांबूस, जाडीभरडी व उथळ. आपल्याकडील बरड जमिनीची बहीणच. पडुआ हलकी, वालुकामय पोयट्याची. काबर काळसर, वाळल्यावर टणक ढेकळांची. सखल भागातील मार ही विदर्भातील भारी काळ्या जमिनीसारखी, उन्हाळ्यात भेगाळणारी आणि पावसाळ्यात फुगणारी. हे वर्गीकरण पिकांसाठी झाले असले, तरी सांडपाण्याच्या नियोजनाची सुरुवात त्यापासूनच करणे शहाणपणाचे ठरते.

पुढची पायरी पाझर-चाचणीची. भारतीय मानक आयएस २४७० च्या दुसऱ्या भागात तिची पद्धत दिली आहे. प्रस्तावित चराच्या खोलीपर्यंत १० ते ३० सेंटिमीटर व्यासाचा खड्डा घेऊन बाजू खरवडाव्यात, तळाशी ५ सेंटिमीटर जाड वाळू पसरावी आणि त्यावर किमान ३० सेंटिमीटर पाणी भरून शक्यतो रात्रभर मुरू द्यावे. त्यानंतर पातळी २५ मिलिमीटर उतरण्यास लागणारी मिनिटे मोजावीत. रात्रभर भिजविण्याचा कंटाळा केला की काळ्या जमिनीत हमखास फसगत होते. मे महिन्यात मारच्या भेगांत ओतलेले पाणी पाहता पाहता नाहीसे होते. श्रावणात त्याच जागी ते तुंबून राहते.

उत्तर ३० मिनिटांच्या आत आले तर शोषखड्डा किंवा पाझर-चर चालतो. ३० ते ६० मिनिटांत केवळ चर. ६० मिनिटांपेक्षा अधिक लागत असतील, तर पाणी जमिनीत जिरविण्याचा विचार सोडून गाळणीची व्यवस्था करावी लागते.

चराचे क्षेत्रफळही या मिनिटांवरूनच ठरते. २०४ या आकड्याला मिनिटांच्या वर्गमुळाने भागले की प्रति चौरस मीटर रोज किती लिटर पाणी जिरविता येईल ते कळते. पाच माणसांच्या घरातून रोज ५०० लिटर सांडपाणी येते असे धरू. चाचणीत ४ मिनिटे लागली, तर सुमारे ५ चौरस मीटर जागा पुरते. ४९ मिनिटे लागली, तर १७ चौरस मीटर लागते. म्हणजे अर्धा मीटर रुंदीचा चर ३४ मीटर लांब होतो. २० फूट बाय ५० फुटांच्या भूखंडाची लांबी अवघी १५ मीटर! शिवाय हा चर राहत्या घरापासून किमान ६ मीटर आणि पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून किमान १८ मीटर दूर असावा लागतो. असा हिशेब प्रत्येक भूखंडात बसत नाही. त्यासाठी सामाईक जागा राखायची, तर ती आराखडा मंजूर होण्यापूर्वीच राखावी लागते. भूखंड विकले गेल्यावर ती मिळत नाही.

मार जमिनीचा दोष निदान डोळ्यांना दिसतो, पाणी वर येते. राकडची गोष्ट अधिक कठीण. तेथे पाणी झटकन जिरते, चाचणी उत्तम ठरते आणि सारेच निर्धास्त होतात. परंतु झाशी परिसरात मातीच्या पातळ थराखाली ग्रॅनाइटचा खडक आहे. मातीत पुरेसे न थांबलेले सांडपाणी त्याच्या फटींतून दूरवर जाऊ शकते. अशा ठिकाणी १८ मीटरचे अंतर पाळूनही विहीर सुरक्षित राहील याची हमी देता येत नाही. म्हणून पाझर-चाचणीबरोबर खडक किती खोलीवर लागतो, हे चाचणी-खड्डा खणून पाहणे अगत्याचे.

अमोनियाचे मातीत नायट्रेट होते. त्याला ना रंग, ना वास. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे आणि तान्ह्या मुलांना त्याचा धोका सर्वाधिक. लगतच्या विहिरींच्या पाण्याची तपासणी वसाहतीचे काम सुरू होण्यापूर्वीच करून अहवाल जपून ठेवावा. शेतात नत्रखते पडतच असतात. आधीची नोंद नसेल, तर पुढे वाढलेले नायट्रेट खताचे की सांडपाण्याचे, हा वाद शेतकऱ्याच्याच अंगावर येतो.