पुडीतली गोळी

सप्टेंबरात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीला बोंडं धरू लागतात आणि दवाखान्यांसमोर तापाच्या पेशंटची गर्दी होते. वणी असो, पुसद असो की उमरखेड, बाजाराच्या दिवशीचं चित्र सारखंच. नंबर लागतो, छातीला स्टेथोस्कोप टेकतो, दंडात एक सुई, आणि कागदाच्या पुडीत तीन दिवसांच्या गोळ्या. पुडीवर नाव नाही, हातात चिठ्ठी नाही. त्या गोळ्यांत पुष्कळदा एक अँटिबायोटिक असतं.

सर्दी-पडशावर आणि व्हायरल तापावर ते काडीचंही काम करत नाही. ताप चार-पाच दिवसांत आपसूक उतरतो, आणि डॉक्टरांच्या हाताला गुण आहे अशी ख्याती मात्र पसरते.

डॉक्टरांची बाजूही ऐकायला हवी. समोरचा माणूस मजुरी बुडवून आलेला असतो. रक्त तपासायला सांगितलं तर खर्च वाढतो, दोन दिवसांनी या म्हटलं तर तो येईलच याची खात्री नसते. सुई नाही दिली तर पलीकडच्या दवाखान्यात जातो. तालुक्याच्या गावी फॅमिली डॉक्टर बहुधा बीएएमएस किंवा बीएचएमएस असतात. 2014च्या कायदादुरुस्तीने होमिओपॅथी डॉक्टरांना एक वर्षाच्या कोर्सनंतर ॲलोपॅथीची औषधं देण्याची वाट मोकळी झाली, पण पुढच्या शिक्षणाची सोय कुणी केली? नव्या औषधाची माहिती घेऊन दारात येतो तो कंपनीचा एमआर. हे सगळं खरं असूनही गोळी देणारा हात डॉक्टरांचाच असतो, आणि त्याची जबाबदारीही.

2019 साली भारतातल्या खासगी बाजारात सर्वांत जास्त खपलेलं अँटिबायोटिक म्हणजे ॲझिथ्रोमायसीनची पाचशेची गोळी. त्याच वर्षी जगभरात अशा विनाकारण वापराने बळावणाऱ्या, औषधांना दाद न देणाऱ्या जंतूंमुळे सुमारे 12 लाख 70 हजार माणसं दगावल्याचा अंदाज पुढे ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

चुकीच्या अँटिबायोटिकचा दुसरा फटका विदर्भाने 2018मध्ये अनुभवला. त्या पावसाळ्यात नागपूर आणि आसपासच्या भागात स्क्रब टायफसने माणसं गेली. गवतात-झुडपांत राहणाऱ्या बारीक किड्याच्या चाव्यातून हा ताप येतो. चाव्याच्या जागी, कधी काखेत, कधी जांघेत, काळी खपली धरते; अंगावरचे कपडे बाजूला करून पाहिल्याशिवाय ती दिसत नाही. यावर स्वस्तातली डॉक्सीसायक्लिन लागू पडते. सेफ्ट्रिॲक्झोनची महागडी सुई इथे निरुपयोगी, आणि तिच्यावर गेलेले दिवस जिवावर बेतू शकतात.

कायदा आहे. 1 मार्च 2014पासून एच-वन या सरकारी यादीतल्या औषधांची, त्यात काही अँटिबायोटिक्सचीही, विक्री मेडिकलवाल्याला वेगळ्या रजिस्टरात नोंदवून ते तीन वर्षं जपावं लागतं. पण स्वतःच्या पेशंटला औषध देण्याची डॉक्टरांना कायद्यानेच मुभा आहे. त्यामुळे पुडीतली गोळी मेडिकलच्या त्या रजिस्टरात येतच नाही.

शिस्त खेड्यात जमत नाही, हे मात्र मान्य करता येणार नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने कमी शिकलेल्या गावकऱ्यांना बाळाचे श्वास मोजायला शिकवलं. एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ, दहा श्वासांमागे एक मणी सरकवायचा. दोन महिन्यांखालच्या बाळाचे श्वास साठ किंवा जास्त, वर्षाच्या आतल्याचे पन्नास किंवा जास्त भरले तर न्यूमोनियाचं औषध. एरवी साध्या खोकल्याला अँटिबायोटिक नाही. पुढे प्रशिक्षित आरोग्यदूत बायांनी नवजात बाळांना जेंटामायसीनची इंजेक्शनंही दिली. 1999मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार त्या गावांतले नवजात बालमृत्यू सुमारे 62 टक्क्यांनी घटले होते.

यवतमाळला वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथल्या कल्चर तपासण्यांचे निकाल दर सहा महिन्यांनी एका पानावर मांडून झरी-जामणीपासून उमरखेडपर्यंत प्रत्येक दवाखान्यात पोचवले पाहिजेत: लघवीच्या जंतुसंसर्गावर जिल्ह्यात कोणती गोळी अजून चालते, कोणती चालेनाशी झाली. आणि पुडी द्यायचीच असेल, तर तिच्यावर औषधाचं नाव मराठीत लिहायला डॉक्टरांना अर्धं मिनिट पुरतं.